मालनवहिनींचा टायम

दादाचा फोन आला तेव्हा मी पेठ वडगावला एका मैदानावर, अंतिम रेषेपाशी खुर्ची टाकून बसलो होतो. शालेय स्पर्धा होत्या आणि मुलींची तीन हजार मीटर चालू होती. हातात स्टॉपवॉच, मांडीवर तक्ता. दादा म्हणाला, "गेली रे ती." आणि मी विचारलं, "किती वाजता?" तो म्हणाला, "आत्ताच. सव्वानऊ झालं असतील." बायको गेल्याचं सांगणाऱ्या सख्ख्या भावाला पहिला प्रश्न वेळेचा विचारणारा माणूस मी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. पुढचं याहून लाजिरवाणं आहे. मी लगेच उठलो नाही. दोन फेऱ्या राहिल्या होत्या, त्या होऊ दिल्या. पहिल्या सहा जणींच्या वेळा तक्त्यात लिहिल्या, खाली सही केली आणि मग मोटरसायकल काढली. हायवेला लागेपर्यंत डोळ्यांत पाणीही आलं नव्हतं. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती... वहिनींनी हे मला सांगितलं होतं. सगळ्यांच्या आधी, सव्वा वर्षापूर्वी, चांगल्या स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं.

मालनवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर गडहिंग्लजच्या पुढं, सीमेलगतचं. आई कानडी मुलखातली, त्यामुळं दम लागला की वहिनींच्या तोंडून आकडे कानडीत यायचे. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, पण वहिनी ती वहिनी. मी त्यांना अहो-जाहो करायचो आणि त्या मला भावजी म्हणायच्या. एसटीत कंडक्टर होत्या. कोल्हापूर–गडहिंग्लजच्या गाडीवर त्यांनी कितीतरी वर्षं काढली. खाकी पोशाख, तेल लावून घट्ट बांधलेला अंबाडा आणि डाव्या मनगटावर घड्याळ, त्याची तबकडी आतल्या बाजूला. तिकीट देता देता मनगट जरासं वळवलं की वेळ दिसली पाहिजे, म्हणून. गाडी किती वाजता सुटली आणि किती वाजता पोचली, या दोन आकड्यांवर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा कुठल्याच माणसाच्या बोलण्यावर नव्हता. मधलं सगळं त्या 'कारणं' या एका शब्दात बसवायच्या.

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्या माझ्याकडं आल्या. पुतणी स्नेहल नोकरीसाठी पुण्याला गेली होती, घर रिकामं झालं होतं. चहा झाल्यावर पदराशी चाळा करत म्हणाल्या, "भावजी, मलाबी पळायला शिकवा की. दिवसभर गाडीत उभा ऱ्हातो, पाय नुसतं सुजत्यात." आमच्याकडच्या बायका बोलतात तशा त्या 'ऱ्हातो', 'जातो' असंच बोलायच्या. दादा शेजारी पेपर वाचत होता. तो हसला. मी हसलो नाही, कारण मी क्रीडाशिक्षक, आणि गल्लीत माझी ओळख 'पळणारा' अशी होती. होती, एवढंच खरं. विद्यापीठाच्या संघात असताना दहा किलोमीटर मी चौतीस मिनिटांत धावायचो. पंचेचाळीस ओलांडल्यावर एका सकाळी हौसेनं तेवढंच अंतर पळालो आणि घड्याळात एक्कावन्न मिनिटं बघितली. घरी आलो, बूट माळ्यावर टाकले आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना सांगायला लागलो, गुडघा गेला. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. मला ते एक्कावन्न सहन झाले नव्हते. विशीतल्या स्वतःशी रोज सकाळी शर्यत लावायची आणि रोज हरायचं, यापेक्षा घरी बसून दुसऱ्यांच्या वेळा घेणं मला सोपं वाटलं.

शेंडा पार्कच्या रस्त्यावर आम्ही सुरुवात केली. सलवार-कमीज, ओढणी कमरेला करकचून बांधलेली. पहिल्या दिवशी दोन विजेच्या खांबांमधलं अंतर पळाल्या आणि थांबल्या. तोंडानं श्वास घेत मनगट वळवून घड्याळ बघितलं. मी म्हटलं, "वहिनी, घड्याळ आत्ता नको." त्या म्हणाल्या, "मग पळायचं कशाला?" मी सायकलवरून बरोबर जायचो. पाच महिन्यांनी त्यांनी पहिल्यांदा सलग दहा किलोमीटर पुरं केलं. त्या दिवशी एका जुन्या डायरीत त्यांनी नोंद केली, ती मी बघितली तेव्हा मला हसू आलं होतं. 'सुटली ५.४०. पोचली ७.०७. वाटेत कुत्री, दोन मिनिटं.' स्वतःबद्दल असं लिहायच्या, जणू आपण एक गाडीच आहोत. दर रविवारी एक ओळ. कारण असेल तर कारण, नसेल तर नुसते आकडे.

पुढची चार वर्षं त्या आकड्यांत नुसती घट होती. एक तास सत्तावीसचे सव्वा तास झाले, मग एक तास नऊ. पन्नासाव्या वर्षी शहरातल्या एका स्पर्धेत त्यांनी दहा किलोमीटर एक तास चार मिनिटांत धावून पन्नाशीच्या गटात तिसरा नंबर काढला. दादा, जो कधी मैदानाकडं फिरकला नव्हता, तो त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि भेटेल त्याला सांगत होता, "आता हिला ड्युटीला जायला गाडी नको. मागनं पळत जाईल." वहिनी घामानं भिजलेल्या, गळ्यात पदक, आणि चेहऱ्यावर असा काही उजेड की मला बघवेना. खरंच बघवेना... मी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, पण आत कुठंतरी सलत होतं. ज्या वयात मी खाली घसरलो आणि घाबरून पळ काढला, त्या वयात ही बाई वर चढत होती. त्यात त्यांनी अगदी सरळ मनानं विचारलं, "भावजी, तुमचा टायम काय हुता माझ्या वयात?" मी म्हटलं, "गुडघा होता ना, वहिनी." त्या म्हणाल्या, "व्हय की, इसरलोच."

दुसऱ्या वर्षी गणपतीनंतर आकडे उलटे फिरले. एक तास सात. एक तास दहा. एक तास चौदा. कारणांच्या जागी काही नाही. आणि मग तो रविवार आला, ज्याच्याबद्दल मी हे सगळं लिहितो आहे. कळंबा तलावाच्या कडेला आम्ही बसलो होतो. त्यांचा श्वास नेहमीपेक्षा जास्त वेळ चालला होता. डायरी त्यांनी पिशवीतून काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ह्ये बघा. झोप तेवढीच, खाणं तेवढंच, रस्ता त्योच. मग असं का?"

मी म्हटलं, "वहिनी, वय झालं."

"वय एकदम एवढं येतं व्हय, दोन म्हैन्यांत?"

"पन्नाशीनंतर तसंच असतं."

त्या म्हणाल्या, "एक सांगू का, भावजी. गाडी रोज पाच मिनिटं लेट असली तर समजायचं रस्ता वाईट हाय. पर आज पाच, उद्या सात, परवा धा असं वाढत गेलं, तर रस्त्याला बोल लावायचा न्हाय. गाडीतच कायतरी झालेलं असतंय."

याहून स्पष्ट कुणी काय सांगायचं? तीस वर्षं मी मुलांना हेच शिकवत आलो होतो की वेळ उगाच बिघडत नाही, कारण शोधा. एखादी आठवीतली मुलगी तीन आठवडे सारखी मागं पडायला लागली की मी तिच्या आईला शाळेत बोलावून सांगायचो, हिचं रक्त तपासून आणा. वहिनींना मी तसं म्हटलं नाही. मी खिशातून मोबाईल काढला. इंटरनेटवर तसले तक्ते असतात. आपलं वय आणि आपली वेळ घालायची, मग ते वयाची वजावट करून सांगतात की तरुणपणी हीच धाव कितीची झाली असती. वहिनींचे एक तास चौदा मी त्यात घातले आणि बराच बरा आकडा काढून दाखवला. म्हटलं, "हा तुमचा खरा टायम. तो डायरीतला बघायचाच नाही आता. या वयात स्वतःच्या मागच्या वर्षाशी तुलना करायची नसते, त्यानं माणूस खचतो."

त्यांनी मोबाईल लांब धरून आकडा वाचला. "म्हंजे हाफ तिकीट की," त्या म्हणाल्या. "वय झालं म्हणून सूट."

"तसंच समजा."

"पर हाफ तिकीट काढलं म्हणून म्हातारं माणूस लवकर पोचत न्हाय, भावजी. पोचायचं तवाच पोचतंय."

मी मोठ्यानं हसलो. ते वाक्य मी पुढं दोन-तीन ठिकाणी विनोद म्हणून सांगितलंसुद्धा. आणि इथं खरं लिहायचं तर सगळंच लिहायला हवं: त्या दिवशी घरी जाताना मला हलकं वाटत होतं. वहिनींचाही टायम पडायला लागला, म्हणजे वय सगळ्यांनाच गाठतं, म्हणजे मी पळणं सोडलं ते काही वावगं नव्हतं... असलं काहीतरी ते समाधान होतं. त्यांच्या चेहऱ्याकडं मी नीट बघितलंच नव्हतं. त्यांच्या गाडीवरच्या ड्रायव्हरनं त्याच आठवड्यात त्यांना म्हटलं होतं, "बाई, लई पांढऱ्या फटक दिसाय लागलाय." ड्रायव्हरला आरशात दिसलं ते शेजारी बसलेल्या क्रीडाशिक्षकाला दिसलं नाही.

त्यानंतर वहिनींनी माझ्याकडं तक्रार केली नाही. माझ्यावर त्यांचा भरवसा होता. मी दर रविवारी वजावट केलेला आकडा व्हॉट्सॲपवर पाठवायचो, त्या अंगठा पाठवायच्या. डायरीत मात्र त्या आपलेच आकडे लिहीत होत्या. संक्रांतीच्या सुमारास ड्युटीवर असताना त्यांना अंधारी आली, तेव्हा पहिल्यांदा डॉक्टरकडं गेल्या. रक्त कमी निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पाळी जायच्या वयात हे असं होतंच म्हणून सांगितलं. पळता म्हणता, तर ते जरा बंद ठेवा, असंही म्हणाले. गोळ्यांनी थोडा फरक पडला. एप्रिलमध्ये न सांगता त्या पुन्हा पळाल्या आणि एक तास अकरा मिनिटं झाली, तर मी काय म्हणावं? "बघा. म्हटलं नव्हतं?" पुढच्या महिन्यात एक तास एकोणीस. त्यानंतरच्या रविवारी शेंडा पार्कच्या चढावर त्या थांबल्या, खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आता न्हाय जमत." मी त्यांना सायकलवर मागं बसवून घरी आणलं. वजन कसलं ते नव्हतंच. तेव्हा कुठं मी घाबरलो.

दुसऱ्या डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून तपासणी केली. मोठ्या आतड्यात गाठ होती. महिनोन्महिने तिच्यातून आतल्या आत थेंबथेंब रक्त जात होतं आणि आता ती यकृतापर्यंत पोचली होती. रिपोर्ट सांगायच्या वेळी आत आम्ही तिघं होतो. वहिनी, दादा आणि मी. डॉक्टर तरुण होते, हळू बोलणारे. त्यांनी विचारलं, "थकवा साधारण कधीपासून जाणवतोय?" वहिनींनी पिशवीतून डायरी काढली आणि त्यांच्यापुढं ठेवली. डॉक्टरांनी पानं उलटली. एकदा पुढं गेले, परत मागं आले. सप्टेंबरच्या पानावर बोट ठेवून ते म्हणाले, "हे तर इथूनच दिसतंय. हे तुम्ही तेव्हा कुणाला दाखवलं नव्हतं का?"

खोलीत पंखा फिरत होता. वहिनींनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही... गाडीत एखाद्याकडं तिकीट नसलं आणि चेकर चढला, तर कंडक्टर त्या माणसाकडं कसा बघतो, तसं काहीसं. मग त्या डॉक्टरांकडं वळून म्हणाल्या, "न्हाय."

त्या एका शब्दाखाली मी आजपर्यंत बसलो आहे.

ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले. सात महिने. मी रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर जायचो, आणि त्याबद्दल लोक माझं कौतुक करायचे. स्नेहल पुण्याहून सुट्ट्या काढून यायची, तीसुद्धा म्हणायची, "काका, तुम्ही आहात म्हणून बरं." शेवटच्या दिवाळीनंतर एकदा वहिनी आणि मी दोघंच घरी होतो. मनगट इतकं बारीक झालं होतं की घड्याळ कोपरापर्यंत घसरायचं, म्हणून त्यांनी ते काढून उशीजवळ ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "भावजी, एक इचारू? तुमचा गुडघा कधी दुखलाच न्हाय न्हवं?"

मी नाही म्हटलं.

"मग?"

"टायम पडला होता. बघवला नाही मला."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोपल्या. मग तशाच म्हणाल्या, "मला मातर सांगत हुता, टायम बघू नका म्हणून. मला बघायचा हुता की. कसा का असंना, माझा हुता त्यो." आवाजात कडवटपणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग मला निदान काहीतरी उत्तर देता आलं असतं. मी त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. माफी मागायची ती एक वेळ होती, आणि मी पायरीवर उभा राहून समोरच्या घरावरची पाण्याची टाकी भरून वाहताना बघत राहिलो.

त्या गेल्या त्या दिवशी दारात जमलेल्या माणसांत कुजबुज होती, ती मी दोन-तीनदा ऐकली. या वयात पळायचं कशाला. बाईमाणसानं एवढं अंग झिजवायचं म्हणजे... एक जण तर मलाच म्हणाला, "सर, तुम्ही तरी आवरायचं." मला त्याची गचांडी धरावीशी वाटली. धावल्या म्हणूनच तर त्यांना कळलं होतं. रक्त कमी व्हायला लागलेलं डॉक्टरांच्याही आधी त्या पायांनी ओळखलं होतं आणि आकड्यांत लिहून ठेवलं होतं. वाचणारा मी होतो. तिकडं रविवारी पळणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी त्यांचा पदकवाला फोटो टाकला आणि वर लिहिलं, 'वय हा फक्त आकडा असतो'. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. मी त्या गटातून बाहेर पडलो. का, ते कुणी विचारलं नाही. सरांना धक्का बसलाय, असं समजून गेले.

आता सहा आठवडे झाले. चाळिशी-पन्नाशीतली माणसं अजून मला मैदानावर गाठतात आणि विचारतात, सर, माझा टायम पडतोय, हे वयानं असेल का? पूर्वी माझ्याकडं उत्तर तयार असायचं. आता मी सांगतो, मला माहीत नाही, आधी रक्त तपासून या. काही जण हसतात, काही जणांना राग येतो. एक बाई तपासून आल्या, सगळं ठीक निघालं. म्हणाल्या, "सर, उगाच घाबरवलंत. वयच होतं." मी म्हटलं, "बरं झालं." आणि बरंच झालं होतं. तरी त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघताना माझ्या मनात आलं की हे एवढंच तर करायचं होतं. एक सकाळ, एक सुई, एक कागद.

गेल्या रविवारी साडेपाचला मी दादाकडं गेलो. दार उघडंच होतं. दादाला आता त्या वेळेला जाग येते. तो स्वयंपाकघरात उभा होता. वहिनी पळायला निघण्याआधी ग्लासभर गरम पाणी प्यायच्या, ते तो गॅसवर ठेवत होता. दर रविवारी ठेवतो, असं स्नेहलनं मला सांगितलं होतं, पण मी बघितलं नव्हतं. पाणी गरम झालं. त्यानं ते स्टीलच्या ग्लासात ओतलं आणि ओट्याच्या कडेला ठेवलं. मी उभ्या उभ्याच बोलायला सुरुवात केली. तलावाकाठची ती सकाळ, डायरी, मोबाईलवरचा आकडा, मग डॉक्टरांपुढचं ते 'न्हाय'. सगळं सांगितलं. तो मला मारेल, असं मला वाटत होतं. खरं तर तशी आशा होती.

दादानं ग्लास ओट्यावर जरासा आत सरकवला.

"आधी ती मला म्हणालती," तो म्हणाला. "गणपती झाल्यावर. रात्री जेवताना. अंगात कायतरी बिघडलंय, दवाखान्यात जाऊ या का, म्हणाली. मी म्हटलं, दवाखाना कशाला? भावजीला इचार. त्याला कळतंय त्यातलं."

बाहेर दूधवाल्याची गाडी येऊन थांबली, गेली. दादानं ग्लासाला हात लावून बघितला. पाणी निवलं होतं. त्यानं ते बेसिनमध्ये ओतलं, ग्लास विसळला आणि पालथा घातला.